पाठ

डॉक्टरांनी बाबांना एका कुशीवर वळवलं, शर्ट वर सारला, मणक्यावरून बोटं फिरवत माकडहाडापर्यंत आले, तिथे जरा थांबले, मग दोन्ही टाचा उचलून खालून बघितल्या. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चार वर्षं अंथरुणाला खिळलेत म्हणताय आणि पाठ बघा, एक ओरखडा नाही. छान सांभाळलंय तुम्ही." मी म्हणालो, "थँक्यू डॉक्टर."

बास, एवढंच झालं. आता सांगताना अगदी किरकोळ वाटतंय. बहीण तिथेच होती, बाबांच्या डोक्याशी, काखेत फाइल आणि हातात घरून आणलेली छोटी उशी, कारण तपासणीच्या टेबलावर त्यांची मान अवघडते हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. तिने माझं थँक्यू ऐकलं की नाही कोण जाणे, ती लगेच रात्रीची गोळी अर्धी करायची का ते विचारायला लागली. परत येताना मी दोनदा विषय काढला, म्हणजे मनातल्या मनात, तोंडातून निघालं ते "आज ट्रॅफिक फारच आहे". पण रात्री झोप येईना. स्वतःचाच तो आवाज ऐकू येत राहिला, किती सहज निघालं होतं ते थँक्यू, जसं काही बक्षीस घ्यायला स्टेजवर मीच जायचं हे आधीच ठरलेलं होतं.

ती माझी पाठची बहीण, तीन वर्षांनी लहान. बाबांची उजवी बाजू गेली आणि सोबत बोलणंही गेलं, तेव्हा ती त्याच गावात राहत होती आणि मी सातशे किलोमीटर लांब. त्यामुळे कोण काय करणार हे कधी ठरलंच नाही. कुणी बसून बोललं नाही, कुणी कुणाला गळ घातली नाही. आधी पंधरा दिवस 'तू आहेस ना तिथे, बघ जरा', मग सहा महिने, मग तिने नोकरी अर्धवेळ केली, मग सोडली. सोडली तेव्हा मी फोनवर म्हणालो होतो, "बरं झालं, तुला पण जरा ब्रेक मिळेल." हे वाक्य मी खरंच बोललोय, आणि तेव्हा मला ते समजूतदारपणाचं वाटलं होतं.

मी हिशेबातला माणूस, पोटापाण्याचा धंदाच तो. बाबांच्या खर्चाची एक्सेल शीट मीच ठेवतो. औषधं, डायपर, फिजिओ, एअर मॅट्रेस, दिवसा येणाऱ्या मावशींचा पगार, सगळं कॉलमवार, दर महिन्याला टॅली. खोटं कशाला बोलू, मला त्या शीटचा अभिमान होता. त्या रात्री ती उघडून वरपासून खालपर्यंत बघितली, ४८ महिन्यांच्या ओळी, आणि बहिणीचं नाव एकाच ठिकाणी सापडलं, 'हिला ट्रान्सफर केले' या कॉलमात. म्हणजे माझ्या हिशेबात ती पैसे घेणारी होती.

मराठीत काळजी करता येते आणि काळजी घेता येते. करायला फोन पुरतो.

दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, तू कुठेतरी जाऊन ये, मी बघतो बाबांकडे. मला वाटलं ती नको नको म्हणेल, मी आग्रह करीन, मग दोनतीन दिवसांवर तोडगा निघेल आणि माझं मनही हलकं होईल. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अकरा दिवस." अकराच का? "तुझी बारा दिवस रजा उरलीये असं म्हणालास ना मागे. एक दिवस तुला शिकवायला लागेल." कुठे जाणार विचारलं तर म्हणाली, मैत्रिणीकडे, तिच्याकडे एक खोली रिकामी असते. तिथे काय आहे? "दार आहे. आतून लावता येतं."

शिकवणीचा दिवस मला जन्मभर लक्षात राहील. मी मनात धरून होतो की बाबांना उचलायचं असतं. उचलायचं नसतंच, सरकवायचं असतं. अंगाखाली आडवी चादर कायम घातलेली असते, ती दोन्ही हातांनी मुठीत धरून आपल्या बाजूला ओढायची, मग पलीकडचा गुडघा वाकवायचा आणि खांदा आणि कंबर एकदम वळवायची, वेगवेगळी नाही. पाठीमागे उशी तिरकी लावायची म्हणजे सगळा भार कंबरेच्या हाडावर येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक, इतकीच जाड की टाच हवेत राहिली पाहिजे, गादीला टेकता कामा नये. आणि हे सगळं झालं की चादरीवरून तळवा फिरवून एकेक सुरकुती काढायची, कारण तुम्हाआम्हाला जी घडी जाणवतही नाही तिच्यावर हलता न येणारा माणूस दोन तास पडून राहिला तर तिथली कातडी सोलवटते. दर दोन तासांनी कूस बदलायची. एअर मॅट्रेस असली तरी. दिवसा आणि रात्री. दोनशे पानी वह्या होत्या तिच्या, एकाखाली एक रचलेल्या, चालू वही बाबांच्या उशाशी आणि तिच्यात नुसतं, १० डावी, १२ पाठ, २ उजवी, ४ डावी. मधूनच कुठेतरी 'हसले'.

भरवण्याचं तर वेगळंच. पक्षाघातात गिळण्याचं तंत्र बिघडतं तेव्हा घट्ट घासापेक्षा साधं पाणी जास्त घातक असतं, ते सुळकन चुकीच्या नळीत जातं, म्हणून पाण्यातही पावडर घालून ते दाटसर करायचं. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. पाव चमचा. मग त्यांच्या कंठमण्याकडे बघत बसायचं, तो वर जाऊन खाली आला की गिळलं, तोवर पुढचा चमचा उचलायचाही नाही, कारण उचललेला दिसला की ते घाई करतात. एका वाटीला पाऊण तास. मी पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटांत संपवलं आणि मनात स्वतःला शाबासकी देत होतो तेवढ्यात त्यांना जो ठसका लागला, चेहरा जांभळट झाला, डोळ्यातून पाणी, आणि मी काय करत होतो तर त्यांच्या पाठीवर थापट्या मारत "सॉरी बाबा, सॉरी बाबा" म्हणत होतो. दहाएक सेकंद असतील. त्यानंतर दोन दिवस माझा हात चमचा धरताना कापायचा.

आणि त्यांचा तो 'अं'. बाबांकडे बोलायला एवढा एकच आवाज उरलाय. बहिणीला त्यात सहा-सात वेगवेगळे शब्द ऐकू येतात. लांबट, खाली पडत जाणारा म्हणजे पाठ अवघडली. तुटक दोनदा म्हणजे पंखा. नाकातून म्हणजे लाज वाटतेय, डायपर बदलायचाय. मी दोन दिवस सगळ्याला पाणी समजून पाणी देत होतो. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, हे शाळेत संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहूनही आलो होतो.

रात्री दोन आणि चारच्या मध्ये झोप अशी लागतच नाही. मोबाइलवर वाचत पडायचो. धंद्याची सवय, त्यामुळे शोध पण हिशेबाचाच, की हे काम कुठल्या खात्यात लिहितात. उत्तर मिळालं की लिहीतच नाहीत. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची आजची पद्धत ज्यांच्या कामावर उभी आहे त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटला अहवाल दिला, त्यात घरातल्या बायकांचं काम धरलं नव्हतं, कारण त्याची किंमत काढायला भरवशाचा आधार नाही. पण काय वगळलंय ते निदान लिहून तरी ठेवलं होतं त्यांनी. त्यांच्याही आधी पिगू नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी ही गंमत दाखवून दिली होती की एखाद्याने आपल्याकडे पगारावर घर बघणाऱ्या बाईशीच लग्न केलं तर काम तेच, माणसं तीच, पण देशाचं उत्पन्न कमी होतं. मला रात्री पावणेतीन वाजता अंधारात हसू आलं. म्हणजे मावशी बाबांना स्पंजिंग करतात तेव्हा देश पुढे जातो, बहीण करते तेव्हा जागच्या जागी राहतो.

गंमत म्हणजे त्याच १९३४ साली मार्गारेट रीड या अर्थतज्ज्ञ बाईंनी एक सोपी कसोटी मांडली होती. जे काम तुम्ही पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेऊ शकता ते काम उत्पादक, मग तुम्ही ते फुकट का करत असेना. कसोटी मला आवडली, लगेच लावून बघितली. आंघोळ, कूस, डायपर, भरवणं, औषधं, सगळं पास. मग 'अं' वर अडलो. त्याला माणूस कसा ठेवणार? ठेवला तरी तो शिकणार कधी, चार वर्षांनी? आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. हात चालतात तो त्याचा दिसणारा भाग, बाकी सगळं लक्ष आहे, शेजारच्या खोलीत कुकर लावताना, फोनवर बोलताना, झोपेतसुद्धा एक कान तिकडे. याची पावती तर काय, खूणसुद्धा मागे राहत नाही. जखम झाली तर फोटो काढून दाखवता येते, न झालेली जखम कशी दाखवणार. चार वर्षांत ती साधारण सतरा हजार वेळा कूस बदलली गेली असणार, मी गुणाकार केला, आणि त्यातून काय निर्माण झालं तर काही नाही. स्वच्छ पाठ.

आकडे नंतर मोठे मोठे मिळत गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता की ६४ देशांत मिळून रोज १,६४० कोटी तास असं बिनपगारी सांभाळण्याचं, घरकामाचं काम होतं, म्हणजे २०० कोटी माणसं रोज आठ तास फुकट राबल्यासारखं. त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायका करतात. हे वाचून मला धक्का वगैरे बसला नाही. आकडा एवढा मोठा झाला की त्यात आपलं घर दिसेनासं होतं, आणि मला तर शंका आहे की म्हणूनच आपल्याला असे आकडे आवडतात.

आइसलँडची गोष्ट मात्र डोक्यात राहिली. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या जवळजवळ नव्वद टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, ऑफिसातलं पण आणि घरातलं पण. बाप लोक पोरांना घेऊन कामावर गेले, रेडिओवर बातम्यांच्या मागून मुलांचे आवाज येत होते म्हणतात. पुढच्या वर्षी समान हक्कांचा कायदा आला. मी विचार करत पडलो की त्या दिवशी ज्यांच्या घरी असा एखादा माणूस पडून असेल त्या दहा टक्क्यांत असतील का? कारण इथे संप करायचा म्हणजे कुणाविरुद्ध? मालक तर नाहीच, आणि दोन तास हात वर केले तर सोसणार बाबा, ज्यांनी काही केलेलं नाही. बहिणीला सुट्टीवर जायला अख्खा एक माणूस बदली द्यावा लागला, आणि तो मिळायला चार वर्षं आणि एक चुकीचं थँक्यू लागलं.

मावशींबद्दल पण लिहायला हवं. सकाळी नऊ ते सहा येतात, पन्नाशीच्या आहेत, हात अतिशय हलका. मी एकदा सहज विचारलं, तुमच्या घरी कोण असतं? म्हणाल्या, सासू आहे, उठता येत नाही. मग त्यांचं कोण बघतं? "मुलगी बघते ना, शाळेतून आली की." आणि शाळेतून येईपर्यंत? त्या जरा हसल्या आणि बाबांची नखं कापायला लागल्या. आपण या सगळ्यांना नात्यानेच हाक मारतो, मावशी, मामा, सिस्टर, ब्रदर. माझ्या ऑफिसात मला कुणी काका म्हणून पगार ठरवत नाही. नातं जोडलं की घासाघीस करायला समोरच्यालाच संकोच वाटतो, सोय आहे ती, आणि मी पण ती चार वर्षं वापरलीये, शीटमध्ये त्यांची पगारवाढ कधी झाली ते बघितलं तर एकदाच.

या अकरा दिवसांत माझं कौतुक किती झालं ते सांगतो. बघायला येणारा प्रत्येक माणूस. "नोकरी सोडून, सॉरी, रजा टाकून आलास बापासाठी, हल्ली कोण करतं!" एका काकांनी तर मला जवळ घेऊन पाठीवर हात फिरवला. शेजारच्या काकूंनी दारातूनच सांगितलं की मुलगा असावा तर असा. बहीण कुठेय विचारलं, गेलीये जरा बाहेर, मैत्रिणीकडे. "हो का," त्या म्हणाल्या, आणि त्या 'हो का' मध्ये जे काय होतं ते मला बाबांच्या 'अं' पेक्षा पटकन कळलं. मी तेव्हा ठणकावून काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. कौतुक ऐकायला बरं वाटत होतं, हे पण आहेच.

सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे ते मोजायची एक प्रश्नावली असते, झॅरिट नावाच्या अमेरिकन संशोधकांची, २२ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. सहाव्या दिवशी रात्री मी ती स्वतःसाठी भरायला घेतली. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, या माणसाजवळ असताना राग येतो का, हे सगळं दुसऱ्या कुणावर सोपवावंसं वाटतं का, अशा वळणाचे प्रश्न. मला फक्त सहा दिवस झाले होते आणि मी भराभर 'जवळपास नेहमीच' वर टिचक्या मारत होतो. मग म्हटलं बघू तरी, म्हणून बहिणीला फोन करून तेच प्रश्न वाचून दाखवले. ती पडल्या पडल्या उत्तरं देत होती, आवाजात झोप होती. कधीकधी. कधीकधी. क्वचित. कधीकधी. मी म्हटलं असं काय करतेस, खरं सांग. ती म्हणाली, "अरे दादा, नेहमी राग येऊन कसं चालेल? मग काम कोण करणार?" मग थोडं थांबून, "यात एक प्रश्न नाहीये. ते गेल्यावर तू काय करशील, असा." मी काही बोललो नाही. तिनेच विचारलं, "पंखा बंद केलास का? बाराला गार पडतं."

सातव्या दिवसानंतरचं मला फारसं सांगावंसं वाटत नाही. मी बाबांवर ओरडलो एकदा, डायपर बदलल्या बदलल्या पुन्हा खराब झाला म्हणून. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप आलेली नव्हती, मिटून घेतले. चांगला हात होता त्याने चादर पकडली होती. मी पुसता पुसता रडत होतो आणि त्यातला बराचसा रडण्याचा भाग त्यांच्यासाठी नव्हता. कंबर गेली होती, हातांना साबणाचा आणि मलमाचा मिसळलेला वास कायमचा बसला होता, आणि सारखं मनात येत होतं की अजून चार दिवस, अजून तीन दिवस. तिच्या मोजणीला असा शेवट नाहीये. किंवा एकच आहे आणि तो कुणी मोजत नाही.

शेवटच्या रात्री बाराला मी बाबांना पाठीवर केलं, वहीत लिहिलं, 'पाठ'. दोनचा अलार्म लावला, चारचा लावला. मग एकदम उजाडलेलंच दिसलं. घड्याळात पावणेसहा. बाबा जागे होते, छताकडे बघत. किती वेळ 'अं' करत असतील आणि मी ऐकलं नसेल, माहीत नाही. आणि आता जे लिहितोय ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी आधी त्यांना वळवलं नाही. आधी वही उघडली आणि लिहिलं, २ डावी, ४ उजवी. अक्षर सुद्धा जरा गिचमिड काढलं, झोपेत लिहिल्यासारखं. पेन खाली ठेवतो न ठेवतो तोच बेल वाजली.

ती पहाटेच्या गाडीने आली होती. चेहरा भरल्यासारखा वाटत होता, की नुसती झोप झाली होती. दारातच चपला काढल्या, बॅग तिथेच सोडली, हात धुतले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले. बाबांनी तिला बघून जो आवाज काढला तो मी अकरा दिवसांत एकदाही ऐकला नव्हता. "आले हो, आले," म्हणत तिने त्यांना एका हाताने सहज कुशीवर घेतलं आणि शर्ट वर केला. माकडहाडावर रुपयाएवढा लालसर डाग होता. तिने त्यावर बोट दाबलं, उचललं. दाबलेली जागा पांढरी झाली आणि हळूहळू परत लाल. "ठीक आहे," ती स्वतःशीच म्हणाली, "पांढरं होतंय म्हणजे ठीक आहे."

उशी लावली, टाचा बघितल्या, चादरीवरून तळवा फिरवला. मग वही घेतली. माझ्या ओळी वाचताना तिचं बोट बारावर थांबलं, दोनवर आलं, चारवर आलं. माझ्या तोंडात त्या दिवशीच्या थँक्यूचं सगळं येऊन थांबलं होतं, कुठून सुरू करावं कळेना, आणि तिने न बघता हात पुढे केला, पेनसाठी. मी पेन दिलं. तिने दोन आणि चारच्या ओळींवर एकेक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ६.१० डावी.